सांगोला : टेलचा तालुका

मागच्या भागात आपण दक्षिण कोरियातल्या उईसॉंग नावाच्या एका ग्रामीण तालुक्यावर बोललो होतो. लसणाचा तालुका. साठच्या दशकात तिथे दोन लाखांवर लोक होते, आज पन्नास हजारांच्या आसपास उरलेत. २०१८च्या हिवाळी ऑलिंपिकमध्ये तिथल्या मुलींनी कर्लिंगचं रौप्यपदक आणलं तेव्हा जगाला त्याचं नाव कळलं. भाग आल्यावर सोलापुरातूनच एका श्रोत्याचा व्हॉइस मेसेज आला. त्यांचं म्हणणं असं की कोरियाचा तालुका झाला, आता आपल्याकडचा एखादा असाच नीट सांगा. नदी कुठून येते, राज्य कुणाचं होतं, आमदार का निवडून येतो, सगळं. मागणी रास्त होती. म्हणून आज सांगोला.

सांगोलाच का? एक कारण घरचं आहे. आमची शेती तिथे आहे, चुलते ती करतात, आणि सध्या घरात एका प्रश्नावरून वाद चालू आहे. तो पुढे येईलच. दुसरं कारण असं की सांगोल्याबद्दल महाराष्ट्राला दोनच गोष्टी माहीत आहेत. एक, अकरा वेळा निवडून आलेले गणपतराव देशमुख. दोन, 'काय झाडी, काय डोंगार, काय हाटील'. या दोन्ही गोष्टी एकाच तालुक्यातून का आल्या, हे कुणी फारसं विचारत नाही.

आधी नकाशा डोळ्यांपुढे आणा. सोलापूर शहरातून पश्चिमेला निघालात की मोहोळ किंवा मंगळवेढा करत तुम्ही सांगोल्यात पोचता. रत्नागिरी-नागपूर महामार्ग इथूनच जातो. उत्तरेला पंढरपूर आणि माळशिरस, पूर्वेला मंगळवेढा, पश्चिमेला सांगली जिल्ह्यातलं आटपाडी, दक्षिणेला जत आणि कवठे महांकाळ. शंभरावर गावं आणि २०११च्या जनगणनेप्रमाणे सव्वातीन लाखांच्या आसपास माणसं. सोलापूर जिल्ह्यात असला तरी हा तालुका स्वभावाने माणदेशी आहे. बोली माणदेशी, खिलार बैल माणदेशी, मेंढरं माणदेशी. व्यंकटेश माडगूळकरांचं 'बनगरवाडी' ज्यांनी वाचलंय त्यांना इथला उजाड माळ वेगळा सांगायला नको.

पाऊस साधारण पाचशे मिलिमीटर. तिकडे सरळ रेषेत दीडशे किलोमीटरवर महाबळेश्वरला पाच हजारांच्या वर पडतो. ढग घाटावर रिकामे होतात आणि आमच्याकडे नुसती सावली येते. शाळेत ज्याला पर्जन्यछायेचा प्रदेश म्हणतात तो हाच. जून-जुलैत वारा सुटतो, ढग पळतात, भुरभुर होते. खरी भिस्त सप्टेंबरच्या परतीच्या पावसावर. तो आला तर ज्वारी, नाही आला तर छावणी.

नद्या म्हणाल तर मुख्य माण नदी, जिला लोक माणगंगा म्हणतात. सातारा जिल्ह्यातल्या माण तालुक्यात उगम, म्हसवडवरून, आटपाडीच्या कडेने सांगोल्यात, मग मंगळवेढ्याकडून भीमेला. आणखी एक आहे, तिचं नावच कोरडा. कोरडा नदी. कुणी विनोद केलेला नाही, सरकारी नकाशावर तेच नाव आहे.

जमीन बेसाल्टची, बरीचशी हलकी, मुरमाड. शेजारच्या मंगळवेढ्यात खोल काळी जमीन आहे, तिथली मालदांडी ज्वारी प्रसिद्ध आहे. आमच्याकडे दीड-दोन फुटांवर मुरूम लागतो. ही मुरमाची गोष्ट लक्षात ठेवा, कारण पुढे याच मुरमाने तालुक्याला पैसा दिला.

आता इतिहास. थोडक्यात सांगतो, पण एक जागा रेंगाळण्यासारखी आहे. सांगोल्याला किल्ला होता, विजापूरच्या आदिलशाहीच्या काळातला. त्याच्याभोवती पेठ वाढली. जुन्या इंग्रजी गॅझेटियरमध्ये नोंद आहे की हे गाव इतकं भरभराटीचं होतं की लोक त्याला 'सोन्याचं सांगोलं' म्हणायचे. १८०२ मध्ये होळकरांच्या फौजेतल्या पठाणांनी ते लुटलं आणि सोनं गेलं.

पण त्याच्या आधी, सप्टेंबर १७५० मध्ये, इथे एक मोठी गोष्ट घडली. शाहू महाराज डिसेंबर १७४९ मध्ये वारले. रामराजा गादीवर आले. प्रतिनिधींचे मुतालिक यमाजी शिवदेव यांनी पेशव्यांविरुद्ध उठाव करून सांगोल्याच्या किल्ल्यात ठाण मांडलं. सदाशिवरावभाऊ फौज घेऊन आले, सोबत रामराजाही. यमाजी नमले आणि तिथेच, सांगोल्याच्या मुक्कामात, रामराजांकडून करार झाला. राज्याचा सगळा कारभार पेशव्यांकडे. इतिहासाच्या पुस्तकात हा 'सांगोल्याचा करार' म्हणून येतो. म्हणजे मराठी राज्याची खरी सत्ता साताऱ्याहून पुण्याला गेली ती कागदोपत्री आमच्या गावात. सांगोल्याला त्यातून काय मिळालं? काही नाही. सही इथे झाली, कारभार पुण्याला गेला. ही तऱ्हा पुढे आम्हाला सवयीची झाली.

इंग्रजांच्या काळातला नकाशा तर अजून मजेदार आहे. सांगोला इंग्रजी मुलखात. पण पश्चिमेला आटपाडी औंध संस्थानात, दक्षिणेला जत हे स्वतःच संस्थान, पूर्वेला मंगळवेढा सांगली संस्थानात. नदी एक, दुष्काळ एक, आणि चार सरकारं. या भागाचा एकत्र विचार करायला कुणाकडेच जागा नव्हती. त्यातलं औंध मात्र वेगळं निघालं. १९३९ मध्ये औंधच्या राजाने गांधीजींच्या सल्ल्याने राज्यघटना केली. गावची पंचायत लोकांनी निवडायची, पंचायतींतून तालुक्याची सभा, तिथून विधिमंडळ. स्वातंत्र्याच्या आठ वर्षं आधी आमच्या बांधाच्या पलीकडे, आटपाडीत, तालुक्याला स्वतःचं असं काही म्हणणं मांडायला जागा होती. संस्थान विलीन झालं, प्रयोग संपला.

हे मी मुद्दाम सांगतोय. कोरियाच्या भागात आपण पाहिलं होतं की तिथल्या ग्रामीण तालुक्याला, ज्याला ते 'गुन' म्हणतात, १९९५ पासून लोकांनी थेट निवडलेला प्रमुख असतो. त्याच्या हातात अंदाजपत्रक असतं. लसणाचं ब्रँडिंग करायचं की क्रीडागृह बांधायचं, हे तो आणि तिथली सभा ठरवते. चुकीचं ठरवलं तर पुढच्या वेळी घरी. आपल्याकडे तालुका म्हणजे काय? तहसीलदार, जो सरकार नेमतं. गटविकास अधिकारी, तोही सरकारचा. पंचायत समिती १ मे १९६२ पासून आहे खरी, पण तिच्याकडे पैसा येतो तो वरून, कुठे खर्च करायचा ते ठरूनच. आणि मार्च २०२२ मध्ये मुदत संपल्यावर पुढची कित्येक वर्षं निवडणूकच झाली नाही, प्रशासक बसले. लोकांना फारसा फरक पडला नाही. माझ्या मते यातली खरी वाईट बातमी ही आहे.

तर ज्या तालुक्याला स्वतःचं सरकार नाही आणि स्वतःचं पाणी नाही, तो काय करतो? तो एक माणूस मुंबईला पाठवतो आणि त्यालाच पाठवत राहतो.

गणपतराव देशमुख मूळचे मोहोळ तालुक्यातल्या पेनूरचे. सांगोल्यात वकिली करायला आले, शेतकरी कामगार पक्षाचे झाले. तालुका त्यांना आबासाहेब म्हणायचा. १९६२ मध्ये पहिल्यांदा निवडून आले. १९७२ मध्ये पडले, १९७४च्या पोटनिवडणुकीत परत आले. १९९५ मध्ये पुन्हा पडले, शहाजीबापू पाटलांकडून, फक्त १९२ मतांनी. १९९९ पासून पुन्हा सलग. २०१४ची निवडणूक त्यांनी वयाच्या ऐंशीच्या पुढे जिंकली आणि आकडा अकरावर गेला. ३० जुलै २०२१ला ते गेले. एसटीने फिरणारे आमदार म्हणून त्यांच्या साधेपणाच्या गोष्टी तुम्ही शंभर वेळा ऐकल्या असतील. मी त्या पुन्हा सांगत नाही. मला त्यात एक अडचण वाटते. साधेपणा हा गुण झाला; पण साधी माणसं सगळीकडे असतात, ती अकरा वेळा निवडून येत नाहीत.

मग का आले? शेजारच्या माळशिरसकडे बघा. तिथे नीरेचा उजवा कालवा आला, ऊस आला, माळीनगरचा कारखाना तर तीसच्या दशकातला. पुढे अकलूजला सहकारी कारखाना, त्याच्याभोवती बँक, दूध संघ, कॉलेजं आणि मोहिते-पाटील घराणं. पश्चिम महाराष्ट्राचं राजकारण असंच उभं राहिलं : धरण, कालवा, ऊस, कारखाना, चेअरमन, आमदार. सांगोल्यात ही साखळी पहिल्या कडीलाच तुटली. कालव्याचं पाणी धड पोचलं नाही, म्हणून ऊस नाही, म्हणून साखरसम्राट नाही. कारखाना नंतर काढला, पण तो कितीतरी हंगाम बंदच राहिला. ज्याच्याकडे शेतकऱ्याला ऊसबिलावर बांधून ठेवायची ताकद असते, असा माणूस इथे तयारच झाला नाही. त्या मोकळ्या जागेत लाल बावटा टिकला. रायगड आणि नांदेडचा काही भाग सोडला तर शेकाप बाकी महाराष्ट्रात विरत गेला, सांगोल्यात राहिला. मी तरी याचं श्रेय अर्धं आबासाहेबांना देतो आणि अर्धं पर्जन्यछायेला.

कारखान्याच्या जागी इथे सूतगिरणी उभी राहिली. शेतकरी सहकारी सूतगिरणी. ज्या तालुक्यात कापूस फारसा पिकत नाही तिथे सूतगिरणी! बाहेरून कापूस आणायचा, सूत काढायचं. महाराष्ट्रात सहकारी सूतगिरण्या धडाधड बंद पडल्या, ही चालली. हजारो घरांना नाही, पण शेकडो घरांना पगार मिळाला. दुष्काळी तालुक्यात महिन्याच्या महिन्याला येणारा पगार म्हणजे काय, हे आयटीतल्या मंडळींना सांगावं लागेल. आमच्याकडे पगार चुकला तर ईएमआय चुकतो. तिकडे पाऊस चुकला की घरातला एक माणूस बाहेर जातो. तालुक्याच्या पश्चिमेकडच्या गावांतून कितीतरी पोरं आटपाडी-विट्याच्या पोरांसारखीच गलाई कामाला गेली, म्हणजे सोनं-चांदी गाळून शुद्ध करायचं काम. केरळपासून बंगालपर्यंत सराफांच्या गल्लीत ही माणसं भेटतात.

आता पाणी. इथे जरा थांबून सांगतो, कारण सगळं राजकारण या एका गोष्टीत आहे.

कालव्याला डोकं असतं आणि शेपूट असते. शेतकरी त्याला 'हेड' आणि 'टेल' म्हणतात. धरणाजवळची गावं हेडला, शेवटची टेलला. कागदावर पाणी सगळ्यांना सारखं. प्रत्यक्षात हेडवाला ऊस लावतो, मोटर टाकतो, दार थोडं जास्त उघडं ठेवतो, आणि टेलला आवर्तन पोचेपर्यंत कालव्याच्या तळाला ओल राहते. आमच्या कामात नेटवर्कच्या शेवटच्या टोकाला जे होतं तेच. फरक इतकाच की तिथे व्हिडिओ अडकतो, इथे पीक जळतं.

सांगोल्याचं वैशिष्ट्य असं की तो एका कालव्याच्या टेलला नाही. सगळ्यांच्याच टेलला आहे. भाटघर-वीर धरणांचं पाणी नीरेच्या उजव्या कालव्यातून फलटण, माळशिरस करत शेवटी इथे. कराडजवळ कृष्णेवर टेंभू योजना, तिचं पाणी कडेगाव, खानापूर, आटपाडी करत शेवटी इथे. मिरजेजवळच्या म्हैसाळ योजनेचं पाणी कवठे महांकाळ, जत करत या बाजूला. उजनी धरण तर आमच्याच जिल्ह्यात, तिथून दोन टीएमसीची सांगोला उपसा सिंचन योजना कागदावर मंजूर होऊन वर्षानुवर्षं रखडलेली. आणि राजेवाडीचा जुना तलाव, १८७६-७८च्या दुष्काळाच्या वेळचं काम : पाणी साठतं सातारा-सांगलीच्या हद्दीवर, कालवा भिजवतो सांगोल्यातली गावं. तीन जिल्ह्यांच्या पाटबंधारे खात्यांना एका तलावासाठी भांडताना बघायचं असेल तर तिथे जा.

प्रत्येक ठिकाणी आपण शेवटचे. आणि शेवटच्याला पाणी मिळणं हा अभियांत्रिकीचा प्रश्न कमी आणि वजनाचा जास्त असतो. नीरेचंच उदाहरण घ्या. डावा कालवा बारामती-इंदापूरकडे जातो, उजवा फलटण-माळशिरस-सांगोल्याकडे. नीरा-देवघर धरणाचं जास्तीचं पाणी डाव्या कालव्याला जात होतं. जून २०१९ मध्ये फडणवीस सरकारने ते थांबवून उजव्या कालव्याकडे वळवलं. त्याच्या आधी महिनाभर लोकसभेचा निकाल लागला होता आणि माढा मतदारसंघ, ज्यात सांगोला येतो, भाजपकडे गेला होता. मग सरकार बदललं, आणि २०२०च्या सुरुवातीला पुन्हा वाटप बदललं : डाव्याला ५५ टक्के, उजव्याला ४५. धरण तेच, पाऊस तोच. आठ महिन्यांत पाण्याची दिशा दोनदा बदलली. एवढ्या वेळात आमच्याकडे एक सॉफ्टवेअर रिलीज होत नाही.

टेंभू आणि म्हैसाळची कथा लांब आहे. कृष्णा पाणी तंटा लवादाने, म्हणजे बच्छावत आयोगाने, महाराष्ट्राला ५६० टीएमसी पाणी दिलं होतं आणि ३१ मे २००० नंतर त्या वाटपाचा फेरविचार होऊ शकणार होता. पाणी अडवलं नाही तर हक्क सांगायचा कशावर? म्हणून १९९६ मध्ये कृष्णा खोरे विकास महामंडळ निघालं आणि घाईने योजना सुरू झाल्या. पण त्या दुष्काळी पट्ट्याकडे वळल्या त्या आपोआप नाही. १९९३ पासून आटपाडीत पाणी परिषदा भरत होत्या. क्रांतिवीर नागनाथअण्णा नायकवडी, भारत पाटणकर आणि आमचे आबासाहेब त्यात पुढे. सांगली, सातारा, सोलापूरच्या दुष्काळी तालुक्यांतली हजारो माणसं येऊन बसायची. मागणी फक्त 'पाणी द्या' अशी नव्हती. मागणी होती समन्यायी वाटपाची : ज्याच्याकडे जमीन जास्त त्याला पाणी जास्त असं नाही, प्रत्येक कुटुंबाला ठरावीक पाणी, भूमिहीनालासुद्धा. चार सरकारांत वाटला गेलेला तो जुना मुलूख पहिल्यांदा एकत्र बसला तो या परिषदांत, असं मला वाटतं.

पाणी आलं, पण यायला वीस-पंचवीस वर्षं लागली. टेंभूचं पाणी पाच टप्प्यांत पंपाने वर चढवावं लागतं, त्याची वीज लागते, आणि विजेचं बिल थकलं की पंप बंद. शेवटी सरकारने ८१ टक्के बिल स्वतः भरायचं आणि शेतकऱ्यांनी १९ टक्के, असं ठरलं. टेलच्या माणसाला पाणी हवं असेल तर त्याने आता तीन गोष्टींवर लक्ष ठेवायचं : धरण भरलं का, बिल भरलं का, आणि वरच्या गावाने दार पाडलं का.

पाणी नव्हतं त्या वर्षांत लोकांनी जे केलं ते डाळिंब. हलकी, निचऱ्याची, मुरमाड जमीन डाळिंबाला चालते, आणि त्याला उसासारखं पाणीही लागत नाही. आधी 'गणेश' जात, मग राहुरीच्या कृषी विद्यापीठाचा 'भगवा' आला आणि तालुका बदलला. ठिबक आलं, प्लास्टिकचं अस्तर टाकलेली शेततळी आली. अजनाळ्यासारख्या गावात शेताशेतात तळं आणि तळ्याशेजारी बंगला दिसायला लागला. सोलापुरात केगावला डाळिंबाचं राष्ट्रीय संशोधन केंद्रच झालं. डिसेंबर २०२० मध्ये देशातली शंभरावी किसान रेल पंतप्रधानांनी दूरदृश्य प्रणालीवरून हिरवा झेंडा दाखवून सोडली, ती सांगोल्याहून, बंगालमधल्या शालिमारला. ज्या रुळांवर एकेकाळी बार्शी लाइट रेल्वेची छोटी गाडी मिरजेला जायची, त्यावरून डाळिंब आणि ढोबळी मिरची कोलकात्याला निघाली. त्या फेऱ्या पुढे टिकल्या नाहीत, पण तेव्हा स्टेशनवरची गर्दी बघायला हवी होती.

मग तेल्या, मर, आणि शेवटी खोडकिडा. तेल्या जिवाणूचा रोग, फळावर तेलकट डाग पडतात. मर रोगात झाड उभ्या उभ्या वाळतं. खोडकिडा, म्हणजे ते टाचणीच्या टोकाएवढं भोक पाडणारे भुंगेरे, आला आणि २०२१-२२ मध्ये बागाच्या बागा जेसीबीने काढल्या गेल्या. आमच्या चुलत्यांनी दोन एकर तेव्हाच काढली. सरपण म्हणून बांधावर रचलेली डाळिंबाची खोडं दोन उन्हाळे तिथेच होती.

हे सगळं चालू असतानाच जून २०२२ आला. शहाजीबापू २०१९ला आमदार झाले होते, आबासाहेबांचे नातू डॉ. अनिकेत देशमुख यांच्यावर ७६८ मतांनी. शिवसेनेत फूट पडली, बापू गुवाहाटीला गेले, आणि तिथून एका कार्यकर्त्याशी फोनवर बोलताना ते जगप्रसिद्ध वाक्य आलं. महाराष्ट्र हसला, गाणी झाली, टीशर्ट निघाले. पुण्यातल्या माझ्या ऑफिसात मला आठवडाभर तेच ऐकवलं जात होतं. मला ते वाक्य विनोदी वाटत नाही असं नाही. पण बाभळी आणि निवडुंग बघत वाढलेला माणूस हिरवे डोंगर बघून आधी झाडीच बोलणार, हॉटेल तिसऱ्या नंबरला. राजकारण बाजूला ठेवा, पण त्या वाक्यातला क्रम अस्सल सांगोल्याचा आहे.

२०२४ मध्ये तालुक्याने पुन्हा उलटं मत दिलं. आबासाहेबांचे दुसरे नातू, डॉ. बाबासाहेब देशमुख, शेकापकडून निवडून आले, पंचवीस हजारांच्या आसपास मताधिक्याने. महाविकास आघाडीने जागा शेकापला सोडली नव्हती, ठाकरे गटाचे दीपक साळुंखे उभे होते, बापू शिंदे गटाकडून. तिरंगी लढत. सगळ्या विधानसभेत शेकापचा तो एकच आमदार. प्रचारात तिघेही एकाच गोष्टीचं श्रेय मागत होते : टेंभूचं पाणी कुणामुळे आलं. मला यात एक सुखाची गोष्ट दिसते आणि एक काळजीची. सुखाची अशी की जात, पक्ष, गट सगळं असूनही भांडण शेवटी पाण्यावर येतं. काळजीची अशी की पाणी ज्याच्या नावावर जमा होतं ती अजूनही एक व्यक्तीच असते. कोण किती टीएमसी सोडतो याचं रजिस्टर गावात लावलेलं नसतं, तालुक्याच्या कुठल्या सभेत त्याचा हिशोब होत नाही. आमदार चांगला असेल तर मिळतं. आपण फक्त चांगला आमदार शोधत राहायचं.

शेजारी बघा काय होतं ते. मंगळवेढ्याच्या दक्षिणेकडची पस्तीस गावं पाण्यासाठी मतदानावर बहिष्कार टाकून बसली होती, कर्नाटकात जातो म्हणाली होती. जतच्या चाळीस गावांचा तसाच ठराव पुढे करून २०२२ मध्ये कर्नाटकच्या मुख्यमंत्र्यांनी त्या गावांवर दावा सांगितला, तेव्हा कुठे मुंबईत बैठका झाल्या. राज्य सोडायची धमकी दिल्याशिवाय जिथे फाइल हलत नाही, तिथल्या लोकांना हट्टी म्हणणं सोपं आहे.

आता घरातला वाद, जो मी सुरुवातीला म्हटला. टेंभूचं पाणी गेल्या काही हंगामांत आमच्या शिवारापर्यंत येतंय. सगळ्या आवर्तनांत नाही, पण येतंय. चुलत्यांचं म्हणणं, काढलेल्या डाळिंबाच्या जागी ऊस लावू. उसाला खोडकिडा मारून टाकत नाही, बाजारभावाची रोजची धाकधूक नाही, आणि आता आसपासचे कारखाने टोळी पाठवायला तयार आहेत. माझ्या वडिलांना, जे सोलापुरात नोकरी करून निवृत्त झाले, हे पटत नाही. ते पाणी परिषदेला ट्रकमधून गेलेल्या पिढीतले. त्यांचं म्हणणं, आपण तीस वर्षं हेडवाल्यांना शिव्या दिल्या की उसात पाणी पितात, आणि आपल्याला पाणी आलं की आपण पण ऊसच लावायचा? आपल्या खालीही गावं आहेत. टेलच्या पुढेही टेल असतो.

चुलते यावर शांतपणे म्हणाले, "दादा, खरं हाय तुमचं. पण सोसायटीचा हप्ता तुमच्या तत्त्वावर भरत नाहीत."

दोघंही माझ्याकडे बघतात, कारण सातबाऱ्यावर पुढे नाव माझंही लागणार आहे. मी इंजिनिअर असल्यामुळे त्यांना वाटतं मी एक्सेलमध्ये काढून सांगेन. काढून बघितलंही. उसाचा आकडा पहिल्या तीन वर्षांत बरा दिसतो, जर आवर्तन वेळेवर आलं तर. डाळिंबाचा आकडा जास्त चांगला, जर झाड जगलं तर. पण त्या शीटमधला सगळ्यात मोठा 'जर' शेतात नाहीच. तो कराडजवळच्या पंपहाउसात आहे, मंत्रालयात आहे, नीरेच्या ५५-४५ मध्ये आहे. तो मला भरता येत नाही, चुलत्यांनाही येत नाही, आणि तालुक्यात असं कुठलं कार्यालय नाही जिथे जाऊन आम्ही विचारू शकू की पुढच्या पाच वर्षांत आमच्या फाट्याला किती पाणी नक्की आहे. औंधच्या राजाने आटपाडीला दिलेली तालुक्याची सभा मला आठवते ती अशा वेळी. कोरियातल्या त्या लसणाच्या तालुक्यात निदान विचारायला दार तरी आहे.

तूर्त एक एकर पुन्हा डाळिंब लावायचं ठरलंय, खोडाला गेरू आणि कीटकनाशकाचा लेप देऊन, नवीन रोपं, जास्त अंतर. उरलेल्या एकरावर निर्णय पुढच्या आवर्तनानंतर. चुलत्यांनी उसाचं बेणं मात्र सांगून ठेवलंय, असं मला गावातून कळलं. वडिलांना अजून कळलेलं नाही, आणि ते हा पॉडकास्ट ऐकतात, त्यामुळे आता कळेल.

तुमच्या तालुक्यात कुठला कालवा येतो, तुम्ही हेडला आहात की टेलला, आणि शेवटचं आवर्तन कधी आलं होतं, हे व्हॉइस मेसेजवर नक्की कळवा. पुढचा भाग मंगळवेढ्यावर करायचा विचार आहे, त्यामुळे तिथल्या मंडळींनी आधी बोलावं.